मोटार कुठे तापते?

मुंबईहून पुण्याला किंवा कोकणात जाणाऱ्या बहुतेकांनी नवी मुंबई पाहिलेली असते, आणि तरीही ती कोणी पाहिलेली नसते. मानखुर्द मागे पडले, खाडीचा पूल ओलांडला की मोटारीत 'आता पनवेल किती वेळात?' हा प्रश्न सुरू होतो, आणि पनवेल येईपर्यंत उजव्या-डाव्या हाताला जे काही असेल ते वाटेतला अडथळा एवढ्याच नात्याने ध्यानात राहते. माथेरान, महाबळेश्वर ही पाहायची ठिकाणे. वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर ही नुसती पाट्यांवर वाचायची नावे! यंदाच्या उन्हाळ्यात मात्र हा मुलूख मी पायी चालणाऱ्याच्या वेगाने आणि हातात वही घेऊन पाहिला. निमित्त झाले ते एका तापट मोटारीचे.

मोटारीची हकीकत सांगण्यापूर्वी ह्या शहराविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण आमच्या मोटारीच्या दुखण्याचे निदान शेवटी ह्या शहराच्या रस्त्यांनीच केले.

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यावी, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल ह्या तिघांनी 1965 साली 'मार्ग' ह्या त्रैमासिकातून मांडली. पुढे 17 मार्च 1970 रोजी 'सिडको'ची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतली 95 गावे आणि 344 चौरस किलोमीटरांचा प्रदेश हे तिचे कार्यक्षेत्र ठरले. 1973 साली वाशीच्या खाडीवर पूल झाला. 1992 साली मानखुर्दची आगगाडी पाण्यावरून वाशीला आली आणि त्याच वर्षी महानगरपालिकाही आली. भातशेती आणि मिठागरे होती तिथे आखीव 'सेक्टर' उभे राहिले. रस्ते रुंद, चौक प्रशस्त, झाडे ओळीने. मोटारवाल्याला आणखी काय हवे?

पण रस्ता रुंद केला म्हणजे मोटारी कमी होतात असे नाही. पुणे, गोवा, उरणचे बंदर आणि तळोज्याचे कारखाने ह्या साऱ्यांची वाहतूक सायन-पनवेल रस्त्याला येऊन मिळते. त्यात तुर्भ्याच्या घाऊक बाजाराच्या मालमोटारींची भर. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावाशेवा असा सुमारे 22 किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर 2024 पासून वाशीच्या नाक्यावर लहान मोटारींचा टोलही माफ झाला. तरी शनिवारी सकाळी वाशीच्या पुलावर जाऊन उभे राहावे. 'उभे राहावे' असे मी म्हणतो ते अक्षरशः, कारण तिथे दुसरे काही करता येत नाही.

पूर्वी मोटार तापायची ती घाटात. 1830 साली बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ लागल्या. पुढे मोटारी आल्या तेव्हा खंडाळ्याच्या चढणीवर बॉनेट उघडून वाफ सोडत उभी असलेली मोटार हे त्या प्रवासातले नेहमीचे दृश्य होते. वडीलमाणसे पाण्याचा डबा बरोबर घेतल्याशिवाय निघत नसत. चढणीला इंजिनाला कष्ट पडतात, म्हणून ते तापते. हा हिशेब सरळ होता. पण आमच्या मेहुण्यांची मोटार घाटात तापत नव्हती. खोपोलीहून खंडाळ्याला ती गाणे गुणगुणत चढून जाई, आणि वाशीच्या सपाट रस्त्यावर, जिथे घाम फुटायला काही कारण नाही, तिथे तिच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे धावू लागे!

मेहुणे नेरूळला राहतात. मोटार पेट्रोलवरची, बारा वर्षांची. चैत्रात तिचे हे दुखणे सुरू झाले. प्रथम त्यांनी एका गॅरेजात ती दाखवली. तिथे बॉनेट उघडून पाहणी झाली, पंखा फिरवून पाहिला, तो फिरला. मग कूलंटच्या डब्यात बुडबुडे आलेले दिसले आणि निकाल लागला, की इंजिनाचे 'हेड गॅस्केट' गेले आहे, हेड उतरवावे लागेल, खर्च साठ हजारांच्या घरात जाईल.

बारा वर्षांच्या मोटारीवर साठ हजार! तेवढ्याला आणखी थोडे घातले तर मोटार विकून टाकलेली काय वाईट, असा विचार घरात सुरू झाला. पण प्रश्न नुसत्या पैशांचा नव्हता. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. गुडघ्यांमुळे त्यांना आगगाडीचा डबा चढवत नाही आणि एस्टीची पायरी तर त्याहून उंच. गौरी-गणपतीला माणगावजवळच्या आपल्या घरी जायचे, तर ह्या मोटारीच्या पुढच्या आसनाखेरीज त्यांना दुसरे वाहन नाही. 'मोटार विकणार' हे शब्द कानांवर पडले त्या दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, "बरं झालं. यंदा फोटोतला गणपती पाहीन." त्यावर घरात कोणी काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी मेहुण्यांचा मला फोन आला, "भाऊजी, आणखी एकाला दाखवू या का?"

हा 'आणखी एक' आम्हांला तुर्भ्याच्या बाजारामागे भेटला. कांदा-बटाटा, मसाला, धान्य, फळे आणि भाजी असे पाच मोठे बाजार मुंबईतून टप्प्याटप्प्याने इकडे आले, आणि त्यांच्यामागोमाग माल वाहणाऱ्या ट्रकांना बरे करणारे वैद्यही आले. एका पत्र्याच्या शेडमध्ये साताऱ्याकडचे एक वयस्क मिस्त्री काम करीत होते. आमची सगळी कथा त्यांनी हात पुसत पुसत ऐकून घेतली. गॅरेजचा निकाल ऐकून ते हसले नाहीत की रागावले नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"साहेब, गाडी गरम होती ते कळलं. पण कुठं गरम होती?"

"म्हणजे?" मेहुणे म्हणाले, "इंजिन गरम होतं."

"तसं न्हवं. रस्त्यावर कुठं? चढाला, पळताना, का हुबी असताना?"

आणि त्यांनी आम्हांला मोटारीला हात न लावता परत पाठवले. काम सांगितले ते असे: बाजाराच्या गल्लीतून गर्दीच्या वेळी वीस मिनिटे जायचे, मग पामबीच रस्त्याने सलग बेलापूरपर्यंत, तिथे पारसिकच्या डोंगरावर मोटार चढवायची, आणि परत येताना हमरस्त्याच्या गर्दीतून यायचे. सगळीकडे गार हवेचे यंत्र चालू. मी शेजारी बसून काटा कुठे आहे ते वहीत लिहायचे. काटा पाऊण भागाच्या वर गेला तर यंत्र बंद करून मोटारीतली गरम हवा पूर्ण सोडायची आणि कडेला घ्यायचे. "लाल रेघेला शिवू द्यायचा न्हाई. शिवला तर इंजिन बंद, आणि टोपनाला हात लावायचा न्हाई."

अशी माझी नवी मुंबईची सफर सुरू झाली.

मे महिन्याचे दिवस होते. फळबाजारात हापूसच्या पेट्यांचे डोंगर लागले होते. गवताचा आणि पिकल्या आंब्याचा वास उन्हात असा काही मिसळला होता, की मोटार बंद पडली असती तरी मला तक्रार नव्हती. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर ओझे घेतलेले माथाडी, रिकाम्या पेट्या झोकणारी पोरे. ह्या साऱ्यांतून आम्ही वीतभर पुढे सरकत होतो. काटा पहिली सात मिनिटे मध्यावर होता. मग तो हलला. बाराव्या मिनिटाला तो पाऊण भागाला टेकला. मी लिहिले: 'बाजार. उभी. वर.'

तिथून सुटून आम्ही पामबीच रस्त्याला लागलो. ह्या रस्त्याने एकदा तरी सावकाश जावे. एका हाताला उंच इमारतींची रांग आणि दुसऱ्या हाताला खाडीचे खारफुटीचे रान. इतक्या जवळ शहर आणि चिखल मुंबईत क्वचितच पाहायला मिळतात. नेरूळजवळच्या तळ्यात रोहित पक्ष्यांचा एक थवा अजून रेंगाळत होता. मोटारीचा वेग साठापर्यंत आला, आणि चार मिनिटांत काटा मुकाट्याने मध्यावर येऊन बसला. गार हवेचे यंत्र चालूच होते. 'पामबीच. पळती. मध्य.'

बेलापूरला किल्ल्याच्या चौकातून पुढे जाऊन पारसिकच्या डोंगरावर चढलो. हे डोंगर पाहिले नाहीत, तर नवी मुंबई म्हणजे सपाट खाजण असेच कोणाला वाटेल. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुरघुरत होते. काटा काडीभर वर गेला आणि थांबला. वरून खाडी, इमारती आणि दूरवरचे पूल दिसले. उतरताना तो पुन्हा मध्यावर. 'डोंगर. चढ. जवळजवळ मध्य.'

परतीची वाट मात्र कसोटीची होती. उरण फाट्यापासूनच मोटारींची माळ लागली होती. जुईनगरच्या अलीकडे काटा पुन्हा चढला. ठरल्याप्रमाणे गार हवा बंद केली आणि गरम हवा सोडली. मे महिन्याच्या संध्याकाळी, काचा खाली करून, आतून गरम वाऱ्याचा झोत अंगावर घेत बसलेली आम्हां दोघांची जोडी पाहून शेजारच्या टॅक्सीतल्या उतारूंना आमच्या मेंदूविषयी शंका आली असावी. पण काटा खाली आला! मोटारीतली गरम हवा ही इंजिनाच्याच पाण्याची उष्णता असते. ती आत घेतली की इंजिनाचा भार तेवढा हलका होतो. गाडीचा ताप आम्ही अंगावर घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

वही मिस्त्रींपुढे ठेवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "हेड गेलेलं न्हाई."

त्यांचे म्हणणे मी माझ्या भाषेत सांगतो. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि उरलेला इंजिनाभोवती फिरणारे पाणी उचलते. पंप हे पाणी फिरवतो. पाणी 82 ते 90 अंशांच्या आसपास तापले की थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते आणि ते पुढच्या रेडिएटरमध्ये जाते. तिथे वारा त्याला निववतो. म्हणजे पाणी हवे, पंप हवा, झडप हवी, रेडिएटरच्या नळ्या मोकळ्या हव्यात, आणि वारा हवा. ह्यांतले काय कमी पडले ते रस्ता सांगतो. नळ्या क्षाराने बुजल्या असतील, पंप दुबळा असेल किंवा झडप अडकली असेल, तर मोटार वेगात आणि चढणीला प्रथम तापेल, कारण उष्णता तिथे सर्वांत जास्त. हेड गॅस्केट फुटले असेल तरी ती चढणीला गप्प बसणार नाही. आमची मोटार पळताना आणि चढताना शहाणी, आणि फक्त उभी असताना वेडी. पळत्या मोटारीला वारा फुकट मिळतो. उभ्या मोटारीला तो पंख्याकडून विकत घ्यावा लागतो. तेव्हा चोर पंख्याच्याच घरात असला पाहिजे.

"पण पंखा फिरतो!" मेहुणे म्हणाले. "गॅरेजात माझ्यासमोर फिरवून दाखवला."

"गार गाडीचा फिरवला आसंल," मिस्त्री म्हणाले. "गरम गाडीचा बघू."

तरीही त्यांनी हेड गॅस्केटची शंका तशीच सोडून दिली नाही. मोटार रात्रभर तिथे ठेवून घेतली. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, त्यांनी रेडिएटरचे टोपण उघडले आणि मोटार चालू केली. पाण्यात बुडबुड्यांची साखळी आली नाही. होसपाइप दाबून पाहिला. तो थंडपणीच फुगून कडक झाला नव्हता. तेलाच्या टोपणाखाली दुधासारखा साका नव्हता, धुरातून पांढरी वाफ येत नव्हती. मग गॅरेजात दिसलेले बुडबुडे कसले? ते उकळलेल्या पाण्याचे. ताप आला म्हणून बुडबुडे होते. बुडबुड्यांमुळे ताप नव्हता.

मग टोपण लावून, यंत्र चालू ठेवून मोटार शेडमध्ये उभी केली. पंखा सुरू झाला. चहा आला, चहा संपला. वीस-पंचवीस मिनिटांनी पंख्याचा आवाज बदलला. त्याची पाती डोळ्यांना वेगवेगळी दिसू लागली आणि हळूहळू तो थांबला. काटा चढू लागला. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ पंख्याच्या मोटरीच्या पाठीवर, बोटे पात्यांपासून दूर ठेवून, दोनदा टकटक आपटली. पंखा झोपेतून उठल्यासारखा गरकन फिरू लागला!

मोटरीतले कार्बन झिजले होते. थंड असताना ते कसेबसे टेकत, तापल्यावर सुटत. पंखा बंद असता तर कोणालाही कळले असते. तो तपासणाऱ्यापुढे फिरत होता आणि वाशीच्या गर्दीत थांबत होता, म्हणूनच कोणाला सापडला नाही. पुढे त्यांनी गार हवेच्या यंत्राची जाळी आणि रेडिएटर ह्यांच्या फटीतून कापूस, पिसे आणि वाळक्या पानांची एक मूठभर गादी काढून दाखवली. बारा वर्षांचा सायन-पनवेल रस्ता तिथे साठला होता. इंजिनाच्या बाजूने बाहेर, अशा दिशेने पाण्याची हलकी धार सोडून त्यांनी जाळी धुतली. पंख्याची मोटर नवी घातली, नळाचे पाणी काढून नेमलेले कूलंट भरले. सगळे मिळून बिल चार हजारांच्या आत झाले.

मी त्यांना विचारले, "तुम्हांला पहिल्याच दिवशी पंख्याचा संशय आला होता ना? मग आम्हांला एवढे फिरवलेत कशाला?"

ते म्हणाले, "संशय मला आला व्हता. तुमचा इस्वास बसाय पाहिजे ना. साठ हजार म्हनलं की मानूस घाबरतो, आन् चार हजार म्हनलं की त्याला खोटं वाटतं."

ज्यांच्या मोटारी अशाच गर्दीत रुसतात त्यांच्यासाठी त्यांनी सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी इथे नोंदवतो. बहुतेक आधुनिक मोटारींत गार हवेचे यंत्र चालू केले की पंखा सुरू झालाच पाहिजे. यंत्राने सुरू होतो पण नुसत्या तापाने होत नाही, तर पंखा चांगला आणि ताप ओळखणारा सेन्सर किंवा स्विच बिघडलेला. दोन्हींनी होत नाही, तर प्रथम फ्यूज आणि रिले पाहावे. ते सर्वांत स्वस्त. आणि तापल्या मोटारीचे टोपण कोणत्याही कारणाने उघडू नये. ते टोपण पाणी दाबाखाली ठेवते. त्यामुळे 100 अंशांना उकळणारे पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण सोडले की तो दाब जातो आणि पाणी एकदम उकळून वाफेसकट हातातोंडावर येते.

भाद्रपदात आम्ही निघालो. पुढच्या आसनावर सासूबाई, मागे आम्ही आणि करंज्यांचा डबा. पहाटे निघूनही कळंबोलीच्या चौकात सापडलोच. कोकणात निघालेली सारी मुंबई तिथे एकमेकींच्या पाठीला नाक लावून उभी होती. पाऊण तासात आम्ही जेमतेम एक किलोमीटर गेलो असू. माझी नजर सवयीने काट्यावर. तो मध्यावर होता आणि बॉनेटखाली पंखा घूं घूं करीत होता. "जावईबापू, बाहेर बघा जरा," सासूबाई म्हणाल्या, "काट्याकडे कसले बघता? डोंगर किती हिरवे झालेत!"

पळस्पे फाट्याजवळ एक मोटार कडेला लागली होती. बॉनेट उघडे, वाफ निघते आहे, मागच्या काचेला चिकटलेली दोन मुले. गृहस्थ हातावर टॉवेल गुंडाळून टोपणाकडे वाकत होते. मी काच खाली करून ओरडलो, "अहो, थांबा! उघडू नका ते!" आमची मोटार हलण्याचे चिन्ह नव्हतेच, उतरून त्यांच्यापाशी गेलो. ते बिचारे घामाघूम झाले होते. म्हणाले, "गॅरेजवाला म्हणतो इंजिन खोलावं लागेल. तुम्हांला काही कळतं का ह्यातलं?"

"फारसं नाही," मी म्हणालो. "पण मला एक सांगा, गाडी कुठे तापते?"